नऊ मासे, पावणेतीन गुंजा

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गळाची काठी अजून आमच्या माळ्यावर आहे. मेसाची आहे. दहा फुटांच्या वर लांब, बुडाशी अंगठ्यापेक्षा जाड आणि शेंड्याला पेन्सिलीहून बारीक. राधानगरीच्या बाजूच्या एका गावातून त्यांनी तो बांबू निवडून आणला, वर्षभर सावलीत वाळवला, गाठी कानशीने घासल्या आणि मग कुठे त्याला दोरी बांधली. रील नाही, कड्या नाहीत. शेंड्याला दोरी, दोरीत अडकवलेला मोरपिसाचा देठ, त्याखाली शिशाचा तुकडा, गळ आणि गळाला गांडूळ. आप्पा कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करायचे. सुट्टीच्या दिवशी पहाटे सायकलच्या दांड्याला काठी बांधायची, मला कॅरिअरवर बसवायचं आणि भोगावतीच्या बंधाऱ्यावर जायचं, हा आमच्या घरचा नेम होता.

सहा महिने मी माझ्यासाठी काठी निवडत होते.

निमित्त लेकीचं. ती स्कॉटलंडमध्ये पर्थला असते आणि तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर टे नदी वाहते. दिवाळीत फोनवर म्हणाली, "आई, मे महिन्यात येशील तेव्हा एक दिवस तुझ्यासाठी नदी बुक करते. काठी मात्र तुझी तू घेऊन ये. पहिला सॅमन उसन्या काठीने धरायचा नाही." नदी बुक करतात याचंच मला नवल वाटलं. तिथे काठाचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि एका बीटवर एका दिवशी ठरावीक काठ्याच उतरतात. हंगाम १५ जानेवारीला उघडतो. रविवारी सॅमन धरायला कायद्यानेच बंदी. नदीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यायची, ही गोष्ट मला फार आवडली.

सॅमन म्हटलं की आपल्याकडे पानात रावस येतो. हॉटेलांच्या कार्डावर रावसाला 'इंडियन सॅमन' लिहायची पद्धतच पडली आहे. पण रावस किनाऱ्याचा आणि खाडीचा मासा, त्याचं कूळ वेगळं. खरा सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. हजारो किलोमीटरांवरून येऊन शेवटचा रस्ता तो पाण्याच्या वासावरून ओळखतो. आपल्याकडच्या एकाही नदीत तो नाही. ट्राउट त्याचा सख्खा भाऊबंद, आणि तो मात्र आपल्या देशात आहे. त्याला मी हातात धरलेलं आहे.

ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झाले, त्याच उन्हाळ्यात कुल्लूकडे गेले होते. मनालीच्या रस्त्यावर औटचा बोगदा लागतो, त्याच्या अलीकडे बंजारकडे फाटा फुटतो. तिथून तीर्थन नदीचं खोरं सुरू होतं. उतरले होते त्या घरातला मुलगा रोज संध्याकाळी एक बारीक, काळपट काठी घेऊन पाण्यात गुडघाभर उभा राहायचा आणि पिवळी दोरी हवेत पुढे-मागे फिरवायचा. दोरी मागे जाऊन सरळ व्हायची, क्षणभर थांबायची, मग पुढे उलगडत जायची आणि पाण्यावर पडताना आवाजसुद्धा व्हायचा नाही. आयुष्यभर बंधाऱ्यावर मासे धरणारी माणसं पाहिलेली मी, पण असं काही पाहिलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याने काठी माझ्या हातात दिली. चौथ्या दिवशी वीतभर लांबीचा ट्राउट लागला. सोनेरी अंगावर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. ओल्या हाताने धरला, गळ काढला, प्रवाहाकडे तोंड करून पाण्यात सोडला. पुढच्या वर्षी परत गेले.

या ट्राउटची हकिकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. तो हिमालयाचा नव्हे. १९०० साली स्कॉटलंडहून त्याची अंडी बर्फात जपत काश्मीरला आणली. आदल्या वर्षीची खेप वाटेतच मेली होती. काश्मीरहून १९०९ मध्ये ती कुल्लूला गेली. म्हणजे माझ्या हातातला तो मासा मुळात लेकीच्या गावाकडचा! त्याच्या येण्याने तिथल्या मूळच्या माशांची, असेल्याची, जागा आक्रसली, हेही खरं आहे, आणि पाण्यात उभी असताना ते माझ्या मनातून जात नाही.

आता काठीकडे येते.

फ्लायच्या, म्हणजे पिसांच्या खोट्या किड्याने मासे धरायच्या, काठीवर हँडलच्या थोडं वर बारीक अक्षरात एक आकडा लिहिलेला असतो. ४, ५, ८, असा. पहिल्यांदा वाटलं, हा काठीच्या ताकदीचा आकडा असणार. किंवा किती किलोचा मासा पेलेल, त्याचा. दोन्ही नाही. हा आकडा दोरीच्या वजनाचा आहे. कुठल्या वजनाची दोरी घातली तर ही काठी नीट वाकेल, एवढंच तो सांगतो.

हे कळायला मला वेळ लागला, कारण बंधाऱ्यावरची माझी सगळी समज उलटी होती. आप्पांच्या काठीत वजन टोकाला असायचं. शिसं आणि गांडूळ भिरकावलं की दोरी त्याच्यामागे फरफटत जायची. फ्लायला वजनच नसतं. गळावर दोऱ्याने बांधलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस, फार तर सशाच्या केसांचा बोंडका. वाऱ्यावर सोडलं तर पाठीमागे येऊन पडेल. तेव्हा फेकायची ती दोरीच. दोरी हेच वजन, ३० फुटांवर पसरलेलं. काठी म्हणजे स्प्रिंग. दोरी मागे पूर्ण सरळ झाली की तिच्या ओढीने काठी वाकते, पुढे आणून हात एकदम थांबवला की काठी सरळ होते आणि आपल्यात साठलेलं सगळं दोरीला देऊन टाकते. वर्गात मी साठलेली ऊर्जा, गतिज ऊर्जा, हे फळ्यावर तीस वर्षं लिहिलं. ते मनगटात जाणवलं तीर्थनच्या पाण्यात.

आकड्यांचं कोष्टक १९६० च्या आसपास अमेरिकेत ठरलं. त्याआधी रेशमी दोऱ्या होत्या आणि जाडीवरून त्यांना अक्षरं दिलेली असत. प्लास्टिकचा थर चढवलेल्या दोऱ्या आल्या, सारख्याच जाडीची दोरी कमीजास्त वजनाची निघू लागली, तेव्हा जाडी सोडून वजन मोजायचं ठरलं. पुढची ३० फूट दोरी तोलायची आणि तिचं वजन ग्रेनमध्ये सांगायचं. ५ नंबर म्हणजे १४० ग्रेन. ८ नंबर म्हणजे २१० ग्रेन.

ग्रेन! हा शब्द वाचला आणि मला गुजरीतलं लहानपण आठवलं. आईबरोबर सराफाच्या पेढीवर बसलेली मी, काचेच्या पेटीतला तराजू, तांबड्याभडक गुंजा. ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा. इंग्रजांनी १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवून टाकला, तेव्हा मासा झाला बरोबर १५ ग्रेनचा. कागद घेतला आणि गणित केलं. १४० भागिले १५. ५ नंबरच्या दोरीचं वजन नऊ मासे आणि जवळजवळ पावणेतीन गुंजा. जुन्या तोळ्यालाही कमी. ८ नंबरची दोरी नेमकी चौदा मासे, म्हणजे एक तोळा दोन मासे. मासे धरायची दोरी माशांत मोजता येते, हे आपल्या भाषेतच शक्य आहे. लेकीला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ हसत होती, आणि मग म्हणाली, "आप्पा असते तर त्यांनी हे काठीवर कोरून घेतलं असतं."

या नऊ आणि चौदा माशांतला फरक न ओळखता मी एक चूक करून बसले आहे. पहिल्या तीर्थनवारीनंतर उत्साहात एका दुकानदाराला ऑनलाइन विचारलं. त्याने सांगितलं, "ट्राउट आणि सॅमन दोन्हीला चालेल अशी घ्या, एकदाच खर्च." ७-८ नंबरची, साडेनऊ फुटांची, कडक काठी आली. सोबत रील, दोरी, डबी, सगळं. ती घेऊन दुसऱ्या वर्षी गेले. तीर्थन काही मोठी नदी नाही. मोठाले धोंडे, त्यांच्या आडोशाला टेबलाएवढे डोह, वर अल्डरच्या फांद्या. तिथे दोरी पंधरा-वीस फूटच बाहेर काढायची असते. एवढ्याशा दोरीने ती काठी वाकेचना. नुसती दांडी हलवल्यासारखं वाटायचं. दोरी पाण्यावर थपकन पडायची आणि डोहातले मासे धोंड्याखाली पळायचे. दोन दिवसांत कोपर दुखायला लागलं. शेवटी घरातल्या त्या मुलाने आपली ४ नंबरची काठी मला दिली आणि माझी भिंतीला टेकवून ठेवली. दोन्हीला चालणारी काठी दोन्हीलाही चालत नाही, हे त्याने न बोलता दाखवलं. दुकानदाराने मला मी कुठल्या पाण्यावर जाणार, हे विचारलंच नव्हतं. मी सांगितलंही नव्हतं.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी नदीचं विचारते. किती रुंद? पाठीमागे झाडं आहेत का? वारा कुठून? पाण्यात उतरता येतं की काठावरूनच? आणि दोरी किती लांब टाकायची? अरुंद ओढ्यावर, फांद्यांखाली, साडेसात-आठ फुटांची ३ किंवा ४ नंबरची काठी. मध्यम नदीवर ९ फुटांची ५ नंबरची, जी जगभर ट्राउटवाल्यांची नेहमीची काठी आहे. लांबीचं काम नुसतं दूर फेकण्याचं नसतं. मधला प्रवाह वेगवान आणि पलीकडचा संथ असेल तर मधलं पाणी दोरीला ओढून नेतं, दोरी फ्लायला ओढते, आणि पाण्यातल्या किड्यासारखी वाहायची ती फ्लाय होडीसारखी पाणी चिरत जाते. ट्राउट असल्या किड्याकडे बघतसुद्धा नाही. लांब काठीने दोरी पाण्यावरून उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवता येते. माझ्यासारख्या बुटक्या बाईला तो एक फूट फार उपयोगी पडतो.

मग चाल. काठी कुठून वाकते ते. काही नुसत्या शेंड्याला वाकतात, त्यांना फास्ट म्हणतात. वाऱ्यात आणि लांबवर त्या चांगल्या, पण हाताची वेळ चुकली की माफ करत नाहीत. काही मुठीपर्यंत वाकतात. त्या संथ, जवळच्या पाण्यावर गोड चालतात आणि बारीक टिपेटला, म्हणजे दोरीच्या टोकाच्या केसाएवढ्या धाग्याला, झटका बसू देत नाहीत. मला मधली आवडते, अर्ध्यापर्यंत वाकणारी. दुकानात काठी हवेत झटकून पाहतात, त्याने काही कळत नाही. दोरी ओवून, मोकळ्या जागेत, आपण नेहमी टाकू तेवढ्या अंतरावर टाकून बघितली तरच कळतं. कोल्हापुरात ती सोय नाही. म्हणून दोन वर्षं मी भेटेल त्याची काठी पाच मिनिटं मागून घेतली आणि वहीत लिहून ठेवलं.

वहीतली सगळ्यात लांब नोंद बांबूच्या काठीची आहे. तीर्थनवर एक म्हातारे गृहस्थ आले होते, त्यांच्याकडे चिरलेल्या बांबूची जुनी काठी होती. हातात घेतली आणि आधी आप्पा आठवले. बांबूच्या सहा कांबी काढायच्या, प्रत्येक कांब ६० अंशांच्या त्रिकोणात रंधायची, बुडापासून शेंड्यापर्यंत केसाच्या मापाने निमुळती करत न्यायची आणि सहाही चिकटवून एक षट्कोनी दांडी करायची. पाठ बाहेर, पोट आत. बांबूचा सगळा जोर पाठीच्या धाग्यांत असतो, हे आपल्या बुरुडाला कुणी शिकवावं लागत नाही. लेथवर शतांश मिलिमीटर राखणारे आप्पा ती काठी बघून दिवसभर बोलत बसले असते.

आज अशा काठ्यांसाठी चीनमधला टोंकिन बांबू वापरतात. पण एकोणिसाव्या शतकात, ही कला इंग्लंड-अमेरिकेत बहरली तेव्हा, बांबू जायचा हिंदुस्थानातून. कलकत्त्याच्या बंदरातून जायचा म्हणून नावच पडलं कलकत्ता केन. पाठीवर भाजल्याचे डाग असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टोंकिनने त्याला मागे सारलं. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लास आलं, आणि १९७० च्या दशकात कार्बन, जो मुळात विमानांसाठी तयार झाला होता. आता बहुतेक काठ्या कार्बनच्याच. हलक्या, चिवट, भिजल्या तरी वाकड्या न होणाऱ्या. एकच सांगते, कार्बनमधून वीज वाहते. उसाच्या शेतावरून गेलेल्या तारांखाली किंवा वळवाच्या ढगांखाली ही काठी उभी धरायची नाही.

बांबूइतकीच एक गोष्ट पिसाची. सॅमनच्या जुन्या, नटव्या फ्लाय पाहिल्यात तर दोन्ही बाजूंना डोळ्यासारखा एक चकाकता पिवळट-पांढरा ठिपका असतो, जणू मेणाचा थेंब गोठलाय. ते पीस रानकोंबड्याच्या मानेचं. आपल्या सह्याद्रीतल्या, दाजीपूरच्या जंगलात पहाटे आरवणाऱ्या त्या राखी रानकोंबड्याचं. मी त्याला तिथे पाहिलं आहे, धुक्यात, पालापाचोळा उकरताना. एका काळी त्याच्या मानेची कातडी बोटी भरून विलायतेला जात. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला हात लावता येत नाही, आणि तिकडचे लोक पिसांसाठी पाळलेले पक्षी वापरतात. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी टेच्या काठावर उभ्या राहिलेल्या एखाद्या माणसाच्या हातात आपल्याकडचा बांबू असेल आणि दोरीच्या टोकाला आपल्या डोंगरातलं पीस. हे मनात आलं की ती नदी मला परकी वाटत नाही.

सॅमनच्या काठीचा विचार मी मनापासून केला. ती १३ ते १५ फुटांची असते आणि दोन्ही हातांनी धरतात. टे ही ब्रिटनमधली सर्वांत जास्त पाणी वाहून नेणारी नदी. पाठीमागे उंच काठ आणि झाडं, दोरी मागे न्यायला जागाच नाही. म्हणून दोरी पाण्यावरच ठेवतात, पाण्याच्या पकडीने काठी वाकवतात आणि पुढे सोडतात. स्पे नदीवर ही रीत घडली म्हणून तिला स्पे कास्ट म्हणतात. दोन हातांच्या काठीचे आकडेही वेगळ्या कोष्टकाचे. तिच्यावरचा ८ म्हणजे आपल्या चौदा माशांचा ८ नव्हे. तिला त्याच्या दुपटीहून जास्त वजनाची दोरी लागते. रील मोठं, त्यावर मुख्य दोरीखाली शंभर-दीडशे मीटर बारीक दोरी, आणि धावणाऱ्या माशाला आवरणारा चांगला ब्रेक. ट्राउटच्या रीलला एवढं काही नको, ते दोरी ठेवायची डबीच.

एक गोष्ट मला फार विचारात पाडते. सॅमन नदीत शिरला की खाणं सोडतो. महिनोन्‌महिने उपाशी, फक्त वर चढत राहतो. मग तो फ्लायला तोंड का लावतो? कुणी म्हणतं राग, कुणी म्हणतं लहानपणच्या खाण्याची आठवण. त्यामुळे तिथे भुकेला चारा दाखवायचा नसतो. वाटसरूच्या डोळ्यांपुढून पुन्हा पुन्हा काहीतरी न्यायचं असतं, दिवसभर, पावलापावलाने खाली सरकत. चौदा फुटांची काठी त्या दिवसभराच्या कामासाठी आहे.

लेकीने मला पर्थच्या संग्रहालयातल्या एका माशाचा फोटो पाठवला होता. ७ ऑक्टोबर १९२२ ला जॉर्जिना बॅलंटाइन नावाच्या बाईने टेमध्ये धरलेला ६४ पौंडांचा, म्हणजे २९ किलोंचा सॅमन, त्याचा साचा. ब्रिटनमध्ये काठीने धरलेला तेवढा मोठा सॅमन त्यानंतर कुणाला मिळालेला नाही. तो फ्लायवर लागला नव्हता, होडीमागे सोडलेल्या आमिषावर लागला. दोन तासांवर झुंज चालली, अंधार पडला. आणि होडीत तिच्याबरोबर होते तिचे वडील. तो फोटो मी बराच वेळ बघत बसले. मासा सोडून मला ती होडी दिसत होती. बाप-लेक, संध्याकाळ, आणि दोघांच्या मध्ये एक ताणलेली दोरी.

आता ती नदीही पूर्वीसारखी राहिली नाही. अटलांटिक सॅमनची संख्या घटत चालली आहे. २०२३ च्या अखेरीस जागतिक लाल यादीत ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्यांमध्ये गेला. समुद्र तापतो आहे, नद्या तापत आहेत. तिकडचे लोक आता बहुतेक मासे सोडून देतात.

पाणी तापण्याची गोष्ट मला फळ्यावरच्या आकड्यांसारखी स्पष्ट दिसते. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशांना साडेसात. ट्राउटला वीस अंशांच्या पुढे धाप लागते. म्हणून तो आपल्या नद्यांत कधी राहणार नाही, आणि त्याची खंतही नाही. खंत वेगळीच आहे. साडेसात मिलिग्रॅममध्ये सुखाने जगणारे मासे आपल्याकडे होते. मरळ, वाम, शिंगाळा, आणि कृष्णेच्या खोऱ्यातला आपला महसीर, ज्याचं वर्णन साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या नदीतल्या माशावरून केलं. त्या पाण्यात सांडपाणी आणि मळी सोडली की ती कुजताना उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकते. मग एका सकाळी पंचगंगेच्या बंधाऱ्यापाशी पांढरी पोटं वर करून माशांचा खच पडतो, वर्तमानपत्रात फोटो येतो, लोक नाकाला रुमाल लावून पुलावरून बघतात. मी हे एकदा नाही, अनेकदा पाहिलं. प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात तेव्हा वरून केवढं चांगलं पाणी येतं, आणि पुढे त्याचं आपण काय करतो! पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट झालं, ४३ झालं की सगळं शहर तासातासाला आकडा विचारतं. उन्हाळ्यात त्याच बंधाऱ्यात ऑक्सिजन किती उरला, हा आकडा कुणी विचारत नाही. तो विचारायला हवा. मी विचारते.

काठीचं ठरलं. चौदा फुटी दोन हाती काठी मी घेणार नाही. टेवर माझ्या वाट्याला एक दिवस येईल, फार तर दोन. त्या दिवसासाठी तिथलीच काठी भाड्याने घेईन, नदी ओळखणारा माणूस बरोबर असेल, तो सांगेल तसं करीन. लेक थोडी रुसली. तिला म्हटलं, "बाळा, ज्या पाण्यावर मी वर्षातून पन्नास वेळा जाईन, त्या पाण्याची काठी घेते." ९ फुटांची, ५ नंबरची, चार तुकड्यांची, अर्ध्यापर्यंत वाकणारी. तुकडे नळीत घातले की एसटीत मांडीवर मावतात. तीर्थनला थोडी लांब पडेल, फांद्यांखाली वाकून टाकावी लागेल, चालेल. जुनी ७-८ नंबरची एका भाच्याने मागून घेतली. तो मालवणला खडकावरून समुद्रात टाकतो आणि तिथे ती खूश आहे.

काठी मागच्या महिन्यात आली. कॉर्कची मूठ, गडद हिरवा रंग. कार्बनवर कोरता येत नाही, म्हणून आकड्याखाली मी पांढऱ्या इनॅमलने बारीक अक्षरांत लिहिलं: ९ मासे, २॥। गुंजा.

सरावासाठी गळ लागत नाही. धाग्याच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधायचा, बास. परवा संध्याकाळी भोगावतीच्या त्याच बंधाऱ्यावर गेले. बरगे घातलेले आहेत, पाणी वर चढून संथ झालंय, पलीकडे उसाला पाणी चाललं होतं. म्हशी धुऊन परतणारी दोन पोरं थांबली.

"काय फिरवायलाय ओ मावशी?"

"दोरी टाकायला शिकायलोय."

"गळ कुठं हाय मग?"

"गळ नाही, नुसती लोकर आहे."

एकाने दुसऱ्याकडे बघितलं आणि दोघंही कठड्यावर बसून राहिली. सूर्य खाली गेला, पाण्यावर किडे उतरायला लागले. आणि मग अळकुटं वर आली. बोटाएवढे चंदेरी मासे, पाण्याच्या कातडीवरच जगणारे. त्यांच्या प्रजातीच्या एका शास्त्रीय नावाचा अर्थ आहे सॅमनमुख्या. लहानपणी आप्पा त्यांच्याकडे लक्ष देत नसत, गळाला येण्याएवढं त्यांचं तोंडच नाही. आता त्यांचीच वर्तुळं सगळ्या पाण्यावर उमटत होती. मी दोरी मागे नेली, सरळ होईपर्यंत थांबले, पुढे आणली. लोकर एका वर्तुळाच्या वीतभर वर पडली आणि वाहत खाली आली.

टप् झालं. लोकर बुडाली, दोन बोटं बाजूला ओढली गेली आणि सुटली.

"मावशी, धरलंतं की!" पोरगं ओरडलं.

लोकर ओली झाली होती. ओढून घेतली, चिमटीत पिळली, फुंकर मारून फुलवली आणि परत टाकली.